कधी बंद पडते ते आधी सांगा

रस्त्याच्या कडेला जुनी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली की आमच्या गोव्यात अजून माणसं थांबतात. स्कूटरवाला थांबतो, बाजार करून निघालेला थांबतो, पायी जाणारा पिशवी खाली ठेवून वाकून बघतो, आणि प्रत्येकजण काहीतरी सांगतो. कार्बोरेटरमधे कचरा असणार. कॉइल तापली. प्लग काढून पुसा एकदा. मला या थांबणाऱ्या माणसांबद्दल खूप माया आहे, ती थांबतात म्हणूनच जुनी गाडी घेऊन घाटात जायची हिंमत होते. पण सगळे सांगतात ते काय झालं असेल हे. ही गाडी नेमकी कधी अशी करते असं विचारणारा विरळाच. आणि माझं आता ठाम मत झालंय की कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोलमधे हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भांड्याच्या, गाडीचा आजार शोधायचा तर 'कधी' हाच पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर नीट मिळाल्याशिवाय पान्हा हातात घेऊ नये.

आमची गाडी म्हणजे अँबेसिडर मार्क टू, आणि त्यातली इस्टेट, म्हणजे डिक्कीऐवजी छप्पर सरळ मागपर्यंत नेलेली स्टेशन वॅगन. आधी डिचोलीला काकांकडे होती, आता माझ्याकडे आहे. काका जत्रेतल्या नाटकांना पेटीची साथ करायचे आणि गावोगावच्या जत्रांना पेटी, तबला-डग्गा, पडदे, कपड्यांची ट्रंक, वर चारपाच माणसं असं सगळं या गाडीतून जायचं. देवळासमोरच्या मांडवात रात्री उशिरा नाटक सुरू व्हायचं, पहाटे संपायचं, आणि मग ही गाडी सगळ्यांना आपापल्या घरी सोडत यायची. इंजिन 1489 सीसीचं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सिरीजचं, ओव्हरहेड व्हॉल्ववालं. अगदी सुरुवातीच्या अँबेसिडरला 1476 सीसीचं साइड व्हॉल्व इंजिन असायचं, 1959 मधे हे आलं. हेच 1489 सीसीचं इंजिन विलायतेत एमजीए नावाच्या देखण्या स्पोर्ट्स गाडीतही घालायचे, ते समजल्यावर काकांना किती आनंद झाला होता ते मला आठवतंय. 2014 च्या मे महिन्यात कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या अँबेसिडरच्या कारखान्यातलं काम थांबलं, त्याला आता बरीच वर्षं झाली, पण पार्ट अजून मिळतात, शोधावे लागतात एवढंच.

तर या गाडीची तक्रार आम्ही सगळ्यांना एकाच वाक्यात सांगत होतो. मिसिंग करते, म्हणजे इंजिन मधे मधे ठोका चुकवतं, आणि मधेच बंद पडते. एका गॅरेजात ते वाक्य ऐकल्या ऐकल्या कार्बोरेटर उतरवला, नवं किट टाकलं, प्लग नवे, पॉइंट (स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे) नवे, कॉइल (स्पार्कचा जोरदार करंट तयार करणारी) नवी, सगळं एका दिवसात. गाडी बरी चालली काही दिवस, हवा जरा थंड होती तेव्हा. मग परत तेच. आणि यात पैशापेक्षा मोठं नुकसान असतं ते माहितीचं. चार गोष्टी एकदम बदलल्या की फरक पडला तरी कशाने पडला ते कळत नाही, आणि नाही पडला तर त्या चारातली एखादी नवी वस्तूच खराब निघालीय का हा नवा प्रश्न उभा राहतो. आजकाल बाजारात मिळणारे कंडेन्सर, पॉइंटजवळची ती छोटी डबी, तर इतके बेभरवशाचे असतात की जुना चालू कंडेन्सर काढून नवा टाकणं म्हणजे उगाच धोका पत्करणं.

शेवटी साखळीजवळचे एक मेस्त, म्हणजे मिस्त्री, मिळाले. वय झालेलं, हात मात्र स्थिर. गोव्यात 1961 च्या आधी पोर्तुगीज काळात परदेशी गाड्या सहज यायच्या, ओपेल काय, मर्सिडीज काय, आणि त्या पुढं कितीतरी वर्षं टॅक्सी म्हणून पळत राहिल्या. मेस्त लहान वयात त्याच गाड्यांवर शिकले, नंतर अँबेसिडर आणि फियाट आल्या. गाडी अंगणात उभी केली तर त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. फळीवर बसले आणि म्हणाले, "बंद केन्ना पडटा तें आदीं सांग."

आणि मग प्रश्नांची रांगच. सकाळी थंड असताना की तापल्यावर? चढावर की सपाटीवर? पाय दाबताना की पाय अर्धा ठेवून एका स्पीडला जाताना? पावसात जास्त का? टाकी भरलेली असताना होतं की कमी असताना? गाडीत सामान किती होतं? बंद होते ती दिवा मालवल्यागत झटक्यात की खोकत खोकत, ताकद जात जात? हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. झटक्यात मरणारी गाडी बहुतेकदा करंटची असते, कुठंतरी तार तुटली, कॉइल गेली, पॉइंटला करंट पोचेना. आणि ढेपाळत, गचके मारत, चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा) ओढला की दोन मिनिटं सावरत जाणारी गाडी बहुतेकदा पेट्रोलची. हा काही पक्का नियम नव्हे, पण सुरुवातीला कुठल्या बाजूला वळायचं ते यातून कळतं, आणि निम्मं काम त्यातच असतं.

मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं सांगता येईनात, कारण तेव्हापर्यंत तसं कोणी विचारलंच नव्हतं आणि तसं बघायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. मेस्त म्हणाले वही ठेव. मग डॅशबोर्डच्या खणात वही ठेवली आणि गाडीने त्रास दिला की लिहायला लागले, जागा, वेळ, ऊन, स्पीड, गिअर, पाय कुठं होता, पेट्रोलचा काटा कुठं. आणि गंमत म्हणजे थोड्याच दिवसात वहीत दोन वेगळे आजार सरळ दिसायला लागले. एक होता रायबंदरच्या कॉजवेवरचा. पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना हा जो लांब सरळ सपाट रस्ता आहे, 1633-34 साली पोर्तुगीजांनी खाडीतून बांधून काढलेला, त्यावर 45-50 च्या एकसारख्या स्पीडने जाताना गाडी फट्फट् मिसिंग करायची. पाय दाबला की मिसिंग गायब. सकाळी, संध्याकाळी, पावसात, उन्हात, कधीही. आणि दुसरा चोर्लाचा. साखळी, केरी, अंजुणे धरणाच्या बाजूने वर चढत बेळगावला जायचं, दुपारचं ऊन, गाडीत सामान, आणि चढ निम्मा झाला की खोकत खोकत बंद. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू. हे दोन्ही 'मिसिंग करते आणि मधेच बंद पडते' या एकाच वाक्यात दडून बसले होते म्हणून कोणालाच काही सापडत नव्हतं.

कॉजवेवालं मेस्तांनी अंगणातल्या अंगणात शोधलं. गाडी स्लोवर, म्हणजे पाय न दाबता उभ्या उभ्या, चालू ठेवली, डिस्ट्रीब्यूटरच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या) बाजूला जी चपटी डबी असते, व्हॅक्यूमची, तिच्यातून कार्बोरेटरकडे जाणारी बारीक नळी कार्बोरेटरच्या टोकाकडून सोडली, ते टोक पुसलं आणि तोंडात धरून जोरात ओढलं. इंजिन लगेच अडखळायला लागलं. सोडलं की सुरळीत. परत ओढलं की अडखळलं. मी बघतच राहिले. न सांगता कळलं की आजार तिथंच आहे.

त्याचं असं असतं. एका स्पीडला आरामात जाताना अ‍ॅक्सिलरेटर थोडासाच उघडा असतो आणि त्या नळीत ओढ सगळ्यात जास्त असते. ती ओढ डबीतला पडदा खेचते, पडदा आतली पॉइंटची प्लेट थोडी फिरवतो, आणि स्पार्क थोडा आधी पडतो, म्हणजे पेट्रोल वाचतं. पाय पूर्ण दाबला की ओढ जाते आणि प्लेट मागं येते. आता या प्लेटवर पॉइंटला करंट आणणारी एक छोटीशी तार असते, आणि प्लेट रोज हजारदा पुढं-मागं होते तशी ती तार वाकते, सरळ होते, वाकते. वर्षानुवर्षं. वरचं आवरण धड राहतं पण आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात, आणि मग प्लेट एका ठराविक जागी आली की संपर्क जातो, जागा सोडली की परत येतो. म्हणून सपाटीवर मिसिंग आणि चढावर नाही. मेस्तांनी तार काढून नखाने दाबली तर मधे पोकळच लागली. बदलताना त्यांनी साधी घरगुती वायर वापरू दिली नाही, ती कडक असते, पुन्हा तुटते. खूप बारीक केसांची मऊ वायर शोधून आणायला लावली. आणि या आजारासाठी आधी अख्खा कार्बोरेटर उतरवला गेला होता, ज्याचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

जुने मिस्त्री म्हणतात की कार्बोरेटरचे निम्म्याहून जास्त आजार इग्निशनचे असतात, ते मला आता अगदी पटतं. कारण लक्षणं एकसारखी. मिसिंग, पिकअप नाही, पेट्रोल जास्त खाते, सायलेन्सरमधे फटाका, हे सगळं पॉइंट खराब असले तरी होतं आणि कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, तुंबला तरी होतं. म्हणून क्रम पाळायचा असतो. आधी टॅपेट (व्हॉल्वची फट), मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग पॉइंट आणि प्लग, मग टायमिंग (स्पार्क पडायची वेळ), आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. हा क्रम कोणी उगाच ठरवलेला नाही, पुढची प्रत्येक गोष्ट मागच्यावर उभी आहे. पॉइंटमधली फट 0.015 इंचाच्या आसपास लागते, ती वाढली की टायमिंग आपोआप पुढं सरकतं, म्हणजे आधी टायमिंग लावून मग पॉइंट लावले तर केलेलं टायमिंग वाया. आणि स्लो स्पीडचा स्क्रू तर फक्त शेवटी, सगळं झाल्यावर. पण तो स्क्रू बाहेरून दिसतो आणि पेचकसाने फिरतो, म्हणून सगळे आधी तोच फिरवतात.

आता चोर्लाचं. हा आजार अवघड का, तर तो स्वतःचा पुरावा पुसून टाकतो. तापल्यावर दगा देणारी कॉइल अर्धा तास थांबल्यावर बरी होते. पाइपात पेट्रोलची वाफ झाली असेल तर तीही थंड झाल्यावर बरी होते. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल आणि आत ओढ तयार झाली असेल तर तीही हळूहळू हवा शिरून सुटते. फ्लोटच्या डब्यात, म्हणजे कार्बोरेटरमधे पेट्रोल साठतं त्या कप्प्यात, पेट्रोल कमी येत असेल तर थांबल्यावर तोही भरतो. सगळ्यांवर एकच औषध, थांबणं, आणि म्हणून थांबल्याने कळत काहीच नाही. "थंड जाल्यार कांयच कळचें ना," मेस्त म्हणाले, बंद पडल्या पडल्या पहिल्या पाच मिनिटांतच बघायला पाहिजे. म्हणून मग आम्ही मुद्दाम मे महिन्यातल्या दुपारी, मागं भाताच्या गोणी टाकून, चोर्ला चढायला निघालो. काकी म्हणाल्या, बंद पडावी म्हणून कोणी घाटात जातं का गं? पण जायलाच पाहिजे होतं.

पडली बंद, वळणाच्या जरा वर, सावली बघून कडेला घेतली. मागच्या दोन चाकांना दगड. मेस्तांनी पहिल्यांदा सेल्फ मारू दिला नाही. आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि कान लावला, सुस्स असा हवा आत जायचा आवाज आला असता तर भोक बुजलेलं. आवाज नाही. मग एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा खटकन ओढला. आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडायला पाहिजे, ती उडाली म्हणजे डब्यात पेट्रोल आहे. नाही उडाली. एवढ्यावर अर्धं कळलं, पण मेस्त तिथंच थांबणारे नव्हेत. कॉइलची मधली वायर डिस्ट्रीब्यूटरमधून उपटून, तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून बोटाच्या अर्ध्या पेराएवढं लांब धरून सेल्फ मारायला सांगितला. निळा, जाड, टचटच आवाज करणारा स्पार्क. म्हणजे करंट ठीक. पिवळा मरतुकडा पडला असता तर गोष्ट वेगळी. यात एक सांगायला हवं, की स्पार्क बघताना पेट्रोल कुठंही उघडं नसावं आणि पेट्रोल बघताना स्पार्क नसावा, हे दोन तपास एकमेकांत मिसळू नयेत. आग लागायला क्षण पुरतो.

मग एसी पंप, थंड हवेचा एसी नव्हे, टाकीतून पेट्रोल ओढणारा. इंजिनच्या अंगाला लावलेला, कॅमच्या धक्क्यावर चालणारा साधा पंप, त्यात रबराचा एक पडदा. स्पार्क पडू नये म्हणून कॉइलला चावीकडून करंट आणणारी वायर सोडून पंपाचा कार्बोरेटरकडचा पाइप सोडला, बाटलीत धरला, सेल्फ मारला. पेट्रोल आलं, पण बुडबुड्यांसकट, आणि मग नुसती हवा. आता पंप खराब की पंपाला पेट्रोल पोचत नाही? मेस्तांनी आणलेला नवा पाइप आणि पेट्रोलचा छोटा कॅन काढला, कॅन फेंडरवर पक्का बांधला, पाइप सरळ पंपाच्या तोंडाला. दोनचार फेऱ्यांत पंप भरभरून द्यायला लागला आणि गाडी चालू झाली, तशाच तापलेल्या इंजिनावर, त्याच उन्हात. कॉइल तीच, पंप तोच, कार्बोरेटर तोच. म्हणजे आजार पंप आणि टाकीच्या मधे कुठंतरी. एकेक गोष्ट बाजूला काढत जाताना उरलेली जागा अशी लहान लहान होत जाते तो आनंद मी शब्दात सांगू शकत नाही.

मधे काय असतं? टाकीपासून पुढपर्यंत लोखंडी नळी, आणि पंपाजवळ हातभर रबराचा पाइप, कारण इंजिन हलतं आणि नळी हलत नाही. तो पाइप बाहेरून धडधाकट, ओला नाही, वास नाही, थेंब नाही. म्हणूनच कोणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. पण हा पाइप पंपाच्या आधीचा, ओढीच्या बाजूचा. इथं फट पडली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत येते, उसाचा रस पिताना स्ट्रॉला भोक असावं तसं. आणि दुसरं म्हणजे आतून फुगलेला रबर तापून मऊ झाला की ओढीने चिकटतो आणि रस्ता बंद करतो. सपाटीवर इंजिनला थोडंच पेट्रोल लागतं, ते कसंबसं पोचतं. चढावर, सामान घेऊन, सेकंड गिअरमधे, इंजिनची मागणी मोठी आणि बॉनेटखालची उष्णता मोठी, दोन्ही एकदम. शिवाय या बी सिरीज इंजिनमधे कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्बोरेटर वर आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धुराची वाट, खाली, म्हणजे उष्णतेपासून सुटका नाहीच. मेस्तांनी तो पाइप काढून ब्लेडने उभा चिरला. आतला थर सुटून लोंबत होता, काळा, चिकट, बोटाला लागत होता.

तो रबर असा का झाला त्याचं कारण माझ्या मते पेट्रोल, आणि यावर जुन्या गाड्यावाल्यांनी जास्त बोलायला पाहिजे. या इंजिनांनी पेट्रोलचे किती बदल बघितले. 2000 सालच्या फेब्रुवारीत देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, तेव्हा व्हॉल्वच्या सीटांची काळजी होती. मग पेट्रोलमधे मिसळलेलं इथेनॉल. 2022 मधे 10 टक्क्यांचं सगळीकडे झालं, 2023 पासून 20 टक्क्यांचं यायला लागलं, आणि आता पंपावर तेच मिळतं. ऊसवाल्यांना आणि देशाला त्याचा फायदा आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण 1960-70 च्या काळात बनवलेल्या गाडीतला रबर इथेनॉलसाठी बनवलेलाच नव्हता. तो फुगतो, मऊ पडतो, सुटतो. म्हणून पाइप बदलताना साधा काळा पाइप घेऊ नका, इथेनॉल चालणारा घ्या, एसएई जे30 आर9 असं त्यावर छापलेलं असतं. एसी पंपाचा पडदासुद्धा तसाच बघून घ्या. आणि इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला गाळ-चिकटा धुऊन पुढं आणतं, म्हणून पहिले काही महिने फिल्टर वारंवार बघावा लागतो, त्यातला कचरा म्हणजे टाकीचा इतिहासच.

त्यात आपला गोव्याचा पावसाळा. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी जून ते सप्टेंबर उभी ठेवली तर त्या रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून पाणी आत येत राहतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं जिथून पेट्रोल ओढलं जातं तिथं. मग गाडी चालूच होत नाही आणि लोक परत कार्बोरेटर उतरवतात. म्हणून मिरग लागायच्या आधी टाकी काठोकाठ भरायची आणि जमेल तेव्हा गाडी चालवायची, नुसती अंगणात चालू करून बंद करायची नव्हे. पेट्रोलमधे इथेनॉल किती ते घरी बघता येतं. मोजमापाच्या उंच काचेच्या नळीत 10 मिली पाणी, वर 90 मिली पेट्रोल, हलवायचं, स्थिर होऊ द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं, खालचा थर वाढतो. 28 मिलीच्या जवळ गेला तर 20 टक्क्यांचं पेट्रोल. मोकळ्या हवेत करा, आणि आसपास देवाचा दिवासुद्धा नको.

पावसाळ्याचा अजून एक आजार सांगते, त्याला 'कधी' चं उत्तर फार सोपं असतं, सकाळी, पाऊस पडून गेल्यावर. डिस्ट्रीब्यूटरच्या टोपीत दमटपणा बसतो, प्लगच्या जुन्या वायरी भेगाळलेल्या असतात, आणि करंट प्लगकडे जायच्या ऐवजी ओलाव्यातून लोखंडाकडे पळतो. रात्री दिवे बंद करून, अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, असेल तर निळ्या ठिणग्या वायरींच्या अंगावरून सरपटताना दिसतात. मशीन लागत नाही, फक्त अंधार लागतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी इंजिनची अर्थची पट्टीसुद्धा बघावी, खारट हवेने तिच्या टोकांना हिरवट गंज चढतो आणि मग सेल्फ मंद फिरतो आणि दोष बॅटरीवर जातो.

स्टेशन वॅगनवाल्यांसाठी एक खास गोष्ट. मागचा दरवाजा सरळ उभा असतो, चालत्या गाडीच्या मागं हवेची पोकळी होते आणि धूर परत गाडीकडे ओढला जातो. मागच्या दरवाज्याचं रबर जुनं झालं असेल किंवा काच उघडी असेल तर धूर आत येतो. मिक्श्चर जाड झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं, की त्याचा वास मागच्या सीटवरच्या माणसाला ड्रायव्हरच्या आधी येतो, डोळे चुरचुरतात. मुलं मागं बसून डोकं दुखतं म्हणाली तर ती गाडी लागली म्हणून सोडून देऊ नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी रबर बदला, मग मिक्श्चर बघा, आणि तोवर पुढच्या काचा उघड्या ठेवा, मागची बंद.

मेस्तांकडे एक व्हॅक्यूम गेज आहे, जुनं, काच तडकलेलं. इनलेट मॅनिफोल्डला, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात जायच्या वाटेला, लावलं की इंजिनच्या श्वासाचा आकडा मिळतो. समुद्रसपाटीला धड इंजिन स्लोवर पाऱ्याच्या 17 ते 21 इंचाच्या मधे काटा स्थिर धरतं. वर गेलं की हवाच विरळ, साधारण दर हजार फुटाला एक इंच कमी, म्हणजे 800 मीटरच्या आसपास असलेल्या चोर्लाच्या माथ्यावर अडीच इंच कमी दिसले तर घाबरायचं नाही. पण काटा ठराविक तालात एकेक झटका खात असेल तर एखादा व्हॉल्व जळलेला. कॉम्प्रेशन बघताना पण आकड्यापेक्षा चारींमधला फरक बोलतो. एकाचं कमी असेल तर चमचाभर ऑइल टाकून परत बघायचं, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व. आणि शेजारशेजारच्या दोघांचं कमी, विशेषतः मधल्या दोन आणि तीन नंबरचं, तर हेड गॅस्केट, कारण या इंजिनमधे त्या दोघांची एक्झॉस्टची वाट एकच आहे आणि मधली जागा सगळ्यात तापते. आमची चारी जवळपास सारखी निघाली तेव्हा मेस्तांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, हिचं काळीज चांगलं आहे.

मेस्तांच्या हाताखाली आता मुलगा नाही. नवी पोरं स्कॅनर शिकतात, ते बरोबरच आहे, नव्या गाड्यांना तेच लागतं, सेन्सर सांगतो आणि पडद्यावर कोड येतो. कार्बोरेटरची गाडी स्वतःहून कोड देत नाही, तिला विचारावं लागतं. आणि विचारायचं कसं हे ज्यांना येतं त्यांनी ते कुठं लिहून ठेवलेलं नाही, ते त्यांच्या कानात, नाकात, बोटांत आहे. मी म्हणून मेस्तांकडे जाऊन बसते आणि लिहून घेते. ते सांगतात, थांबतात, म्हणतात हें बरयनाका, हे लिहून कळायचं नाही, आणि मग दाखवतात. मी दाखवलेलंही लिहिते. कुठल्या आवाजाला ते टॅपेट म्हणतात आणि कुठल्या आवाजाला बेअरिंग, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ते दांडा नेमका कुठं टेकवतात, हे सगळं वहीच्या मागच्या बाजूने चाललंय.

सध्या एकच गोष्ट उरलीय. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, साध्या पेट्रोलला 14.7 भाग हवा तर याला साडेतेराच्या जवळ, आणि आपल्या सोलेक्स कार्बोरेटरचा जेट ठरलेला, तो स्वतःहून पेट्रोल वाढवत नाही. म्हणून गाडी आता जरा पातळ चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. तापल्यावर चोक किंचित ओढला की चढावर बरी ओढते, यातून तेच कळतं. प्लगसुद्धा बिस्किटी रंगाऐवजी पांढरट निघतात. मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, तर एक साइज वरचा जेट मेस्तांनी जुन्या डब्यातून शोधून ठेवलाय. तो लावायचा, बाकी काहीसुद्धा बदलायचं नाही, त्याच चढावर, त्याच सामानाने, त्याच वेळी जायचं, वर पोचता पोचता क्लच दाबून तिथंच चावी बंद करायची आणि प्लग काढून रंग बघायचा. पेट्रोलचा खर्च वाढेल थोडा, वाढू दे. पाऊस जरा ओसरला की जाणार आहोत, गोणी काकींनी आत्ताच बाजूला काढून ठेवल्यात.